तिसऱ्या कडव्यातला आवाज

"पप्पा, प्लीज हात लावू नका," प्रज्ञेश म्हणाला, तेव्हा सीतारामरावांचे दोन्ही हात पाठीमागे होते.

"लावलाय कुठे?"

"लावाल म्हणून सांगतोय."

सीताराम रणपिसे यांनी उभं आयुष्य खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काढलं होतं. धक्का लागला तर छप्पर उडेल अशा वस्तू त्यांनी रोज हाताळल्या, पण तिथेही त्यांना कोणी इतक्या वेळा बजावलं नव्हतं. आज विश्रांतवाडीतल्या स्वतःच्या हॉलमध्ये, स्वतःच्या टीपॉयपासून मुलाने त्यांना हातभर लांब उभं केलं होतं. टीपॉयवर नवाकोरा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याच्या मागून एक वायर निघून काडेपेटीएवढ्या काळ्या डबीत शिरली होती. त्या डबीला एक बटण आणि एक निळा दिवा, बस्स. खिडकीपाशी एक गोल लाल स्पीकर होता. डबीने गाणं हवेतून स्पीकरकडे पाठवायचं आणि स्पीकरने ते वाजवायचं, एवढा साधा बेत होता.

"मधे वायर नाही?" सोफ्यावर बसलेल्या मथुराबाईंनी विचारलं.

"नाही आत्या. वायरलेस."

"मग गाण्याला कसं कळायचं कुठे जायचं ते?"

प्रज्ञेश हडपसरच्या आयटी पार्कात मोठ्या हुद्द्यावर होता. अमेरिकेतली गिऱ्हाइकं त्याच्याकडून समजून घेत. आत्याच्या प्रश्नावर तो नुसता हसला. हे हसणं त्याला पुढे महागात पडणार होतं, कारण प्रश्न अगदी बरोबर होता.

मथुराबाई म्हणजे सीतारामरावांच्या थोरल्या बहीण. गुडघे दुखत असतानाही त्या खास वारज्याहून रिक्षा करून आल्या होत्या. समोरच्या खुर्चीत त्यांच्या भावजय सुंदराबाई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या. घरातल्या सगळ्यांना त्याचीच भीती वाटत होती.

भांडण एका ओळीचं होतं. दोघी लहान असताना येरवड्याच्या वस्तीत रामदास मास्तरांची गायन पार्टी होती. मुंबईच्या एका कंपनीने मास्तरांची एक रेकॉर्ड काढली. तिच्यावर छापलं होतं, 'रामदास आणि पार्टी'. मास्तर जाऊन खूप वर्षं झाली, पार्टी मात्र अजून धडधाकट होती आणि भांडत होती. ढोलकी मास्तरांची, आणि पार्टीत तिघं जण होते: गायला मथुरा आणि शेजारच्या घरातली सुंदरा, आणि झांजा वाजवायला मथुरेचा भाऊ सीताराम. पुढे सुंदरा सीतारामाची बायको झाली आणि वस्तीतलं भांडण घरात आलं.

गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात 'पुस्तकाचं झाड लाविलं आम्ही अंगणी' ही ओळ आहे. तिथे बाकी सगळे थांबतात आणि एकच कोवळा आवाज एकटा वर जातो. असा वर जातो की ऐकणाऱ्याची मान आपोआप उचलली जाते. मथुराबाई म्हणत, तो आवाज माझा. सुंदराबाई म्हणत, माझा. दोघी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. दोघींना ती ओळ म्हटल्याचं स्वच्छ आठवत होतं.

पुरावा म्हणजे ती रेकॉर्ड. ती सुंदराबाईंच्या कपाटात साड्यांखाली होती, पण ती वाजवायचं यंत्र घरात कधी आलंच नाही. आधी परवडत नव्हतं. परवडायला लागलं तोवर टेप आले. टेप घेतला तोवर सीडी आली, आणि सीडीचं बघू म्हणेपर्यंत प्रज्ञेश इंजिनिअर झाला आणि म्हणाला, आता सगळं फोनमध्येच असतं. वस्तीत जयंतीला ती रेकॉर्ड कर्ण्यावर लागायची, पण त्या कर्ण्यातून माणसाचा आवाज आणि बंबाची वाफ यांत फारसा फरक उरत नसे. त्यामुळे प्रत्येक लग्नात, प्रत्येक नामकरणात, जेवणं आटोपली की विषय निघायचा आणि दोन्ही बाजू निरुत्तर न होता घरी जायच्या.

शेवटी प्रज्ञेशने ऑनलाइन प्लेअर मागवला. आज निकाल होता. ठरलं असं की जिचा आवाज नसेल तिने यापुढे त्या ओळीचं नाव काढायचं नाही. सुंदराबाईंना रात्रभर झोप लागली नव्हती. अंगणवाडीत त्यांनी पिढ्यानपिढ्यांची नाकं पुसली, घर चालवलं, मुलगा शिकवला; त्याचं कौतुक झालं नाही याचं त्यांना काही वाटत नसे. पण ती एक ओळ त्यांची होती. ती हातची गेली तर आपल्याकडे उरतं काय, असा विचार पहाटे त्यांच्या मनात येऊन गेला होता आणि त्या उठून कणीक मळायला लागल्या होत्या. मथुराबाईंनी वारज्यात काय केलं ते ठाऊक नाही, पण डोळे त्यांचेही सुजलेले होते.

या निकालाला विरोध एकट्या सीतारामरावांचा होता. "चाललंय ते बरं चाललंय," असं ते आठवडाभर म्हणत होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही, आणि याची त्यांना सवय होती.

"रेडी?" प्रज्ञेशने डबीचं बटण दाबलं. निळा दिवा लुकलुकला, मग स्थिर झाला. "कनेक्टेड!" त्याने सुई ठेवली. तबकडी फिरू लागली. दोन्ही बायकांनी पदर सावरले.

काहीच ऐकू येईना.

"सुरू झालं का?" मथुराबाईंनी कुजबुजत विचारलं.

"झालंय. येईल आता."

"तो स्पीकर आधीच दुसऱ्या कशाला जोडलेला नाही ना?" मटार सोलत बसलेली प्रज्ञेशची बायको दीक्षा म्हणाली. ती बँकेत होती, आणि दिवसभर लोकांना 'तुमची सही जुळत नाही' असं शांतपणे सांगून तिचा आवाज तसाच झाला होता.

"दीक्षा, प्लीज. दिवा स्टेडी आहे. म्हणजे कनेक्ट झालंय."

"कशाला?"

"म्हणजे?"

तेवढ्यात दाराची बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या आनंदीबाई दारात उभ्या होत्या. त्या दर रविवारी घरी योगाचा वर्ग घेत. आत्ता त्यांचे केस विस्कटलेले होते आणि एका पायात मोजा नव्हता.

"रणपिसे, आपल्याकडे काही समारंभ आहे का?"

"नाही हो. का?"

"नाही, माझ्या नऊ बायका शवासनात होत्या. समुद्राच्या लाटा ऐकून झाल्या, म्हणून फोन बंद करून ठेवला. म्हटलं, शांतपणे श्वास सोडा, सगळं विसरा. त्या विसरतच होत्या, तेवढ्यात स्पीकरमधून ढोलकी कडाडली. देशमुखबाई सरळ उठून बसल्या. त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी त्यांना आधी कुशीवर वळून मग उठायला सांगितलंय."

सगळ्यांनी खिडकीतल्या लाल स्पीकरकडे पाहिलं. मग आनंदीबाईंच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या त्यांच्या लाल स्पीकरकडे पाहिलं. दोन्ही हुबेहूब सारखे होते.

इथे सोसायटीबद्दल सांगायला हवं. एरवी या इमारतीत पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून आणि जिन्यातल्या चपलांवरून एकमत होणं अशक्य. पण गेल्या दिवाळीत सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं की सगळ्यांनी मिळून घेतले तर स्पीकर निम्म्या किमतीत मिळतात, आणि इमारतीत न भूतो अशी एकजूट झाली. प्रत्येक घराने तोच स्पीकर घेतला, तोच लाल रंग, तेच नाव. प्रज्ञेशच्या स्क्रीन नसलेल्या डबीला बिचारीला कुणाचा कोणता ते कसं कळणार? जो मोकळा दिसला त्याच्याशी तिने सोयरीक केली.

"सॉरी काकू. तुमचा फक्त बंद करा," प्रज्ञेश म्हणाला.

"केव्हाच केलाय," आनंदीबाई म्हणाल्या आणि जाताना थबकल्या. "गाणं बाकी छान आहे. पण रविवारी अकराला नको."

"तिसरं कडवं ऐकलंत का?" सुंदराबाई आणि मथुराबाई एकदम म्हणाल्या.

"पहिल्यातच देशमुखबाई उठल्या."

प्रज्ञेशने पुन्हा बटण दाबलं. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. सुई ठेवली. पुन्हा सगळीकडे सामसूम. पाच जण कान देऊन बसले होते आणि ऐकू येत होता तो फक्त दीक्षाच्या मटारचा आवाज.

मग सीतारामरावांचा फोन वाजला. वरच्या मजल्यावरचा पृथ्वीराज होता. त्याच्या वाडवडिलांची जमीन इथेच होती. तिच्यावर इमारत उभी राहिली तेव्हा त्याला दोन फ्लॅट आणि एक कायमचा तोरा मिळाला होता. सध्या तान्ह्या मुलीने तो तोरा पार उतरवला होता.

"काका, तुमच्याकडनं गाणं लागलंय का? आनंदीकाकूंनी ग्रुपवर टाकलंय."

"हो रे, सॉरी, तुमचा स्पीकर बंद—"

"बंद नका करू! काका, पाया पडतो! पोरगी झोपली हाय! तीन महिन्यांत पहिल्यांदा दिवसाची झोपली हाय. तिची आई तनुजा रडायलीय."

"का?"

"आनंदानं!"

प्रज्ञेशने फोन आपल्याकडे घेतला. "अरे पृथ्वी, पण आम्हाला ते इथे ऐकायचंय."

"मग वर या की. पण चपला खालीच काढा. आणि बोलू नका."

"तुझा स्पीकर बंद कर ना यार."

"बंद केला आन् ती उठली, तर तू येणार का झोपवायला?"

या युक्तिवादाला आयटी क्षेत्रात उत्तर नव्हतं. गाणं संपेपर्यंत थांबायचं ठरलं. तबकडी मुकाट्याने फिरत राहिली. तिसरं कडवं आलं असावं तेव्हा सुंदराबाईंनी छताकडे पाहिलं. आपल्या डोक्यावर, एका विटेच्या अंतरावर, ती ओळ आत्ता वाजते आहे आणि ऐकायला एक तान्हं मूल आहे, तेही झोपलेलं. त्यांना अगदी भरून आलं. शेजारी मथुराबाईही छताकडेच पाहत होत्या. दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनी घाईघाईने मटारकडे पाहिलं.

"असं होणार नाही," प्रज्ञेश म्हणाला. "मी ग्रुपवर मेसेज टाकतो. सगळ्यांनी पाच मिनिटं स्पीकर बंद ठेवा."

"तू आपला स्पीकर एकदा बघ," दीक्षा म्हणाली.

"आपला ठीक आहे गं. प्रॉब्लेम बाकीच्यांचा आहे."

त्याने मेसेज टाकला: 'कृपया सर्वांनी आपले लाल स्पीकर पाच मिनिटं बंद ठेवावेत. आमच्या घरचं गाणं चुकून दुसऱ्यांच्या स्पीकरवर जात आहे.'

हा मेसेज दुसऱ्या कुठल्या गावात टाकला असता तर लोकांनी स्पीकर बंद केले असते. इथे ज्यांचे बंद होते त्यांनीही चालू केले. कुणाच्या घरात काय वाजतंय हे फुकटात ऐकायला मिळत असताना कोण बंद करणार? ग्रुपवर एकामागून एक मेसेज यायला लागले.

'आमच्याकडे अजून आलेलं नाही. किती वाजता येईल?'

'सी विंगला नेहमीप्रमाणे काहीच नाही. मेंटेनन्स आम्हीपण भरतो.'

'पृथ्वीराजकडे पूर्ण गाणं वाजलं असं कळतं. ही मेहेरबानी कोणत्या नियमात बसते?'

'गाणं कोणतं आहे? मला हल्ली निर्गुणी भजनंच आवडतात.'

प्रज्ञेशने कपाळावर हात मारला. तिसऱ्यांदा बटण दाबलं. तबकडी फिरली. या वेळी ग्रुपवर एकच ओळ आली, खालच्या मजल्यावरच्या तात्यारावांची: 'आमच्याकडे सुरू झाले आहे. कोणीही बेल वाजवू नये.'

तात्याराव हे शाळेतले निवृत्त संगीत शिक्षक. चाळीस वर्षं त्यांनी मुलांकडून स्वागतगीतं बसवून घेतली होती, आणि कुठल्याही प्रमुख पाहुण्याचं स्वागत बेसूर झालं नव्हतं. कुणाचंही कौतुक केल्याचा त्यांचा इतिहास नव्हता. ते फार खूश झाले की "ठीक" म्हणत. प्रज्ञेशने त्यांना फोन लावला.

"सर, तुमचा स्पीकर जरा बंद करता का?"

"नाही."

"सर, पण गाणं आमचं आहे."

"गाणं ऐकणाऱ्याचं असतं. मी अर्धवट सोडत नाही. ऐकायचं असेल तर खाली या, आणि येताना बोलणाऱ्यांना वर ठेवून या." फोन बंद झाला.

मथुराबाई गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चल गं सुंदरा. आपण खाली जाऊ."

"वन्सं, तुमचे गुडघे—"

"गुडघ्यांचं मी बघते. लिफ्ट आहे. आणि गायनमास्तर आहे, म्हणजे निकाल देणारा आयताच मिळाला. सीताराम, तू इथे थांब. आम्ही पोचलो की ही सुई पुन्हा पहिल्यापासून ठेव."

"मी?" सीतारामराव म्हणाले.

"मग कोण? तुला गाण्यातलं काय कळतं? झांजा वाजवायचास तू."

दोघी गेल्या. पाठोपाठ प्रज्ञेशही, घरोघर जाऊन स्पीकर बंद करायला गेला. इंजिनिअर माणसाने यंत्राला हरल्यावर दारोदार फिरायचं, हे त्याला फार लागलं होतं. हॉलमध्ये सीतारामराव, दीक्षा आणि मटार एवढेच उरले.

तात्यारावांच्या घरी खुर्च्या दोनच होत्या. एकीवर ते स्वतः होते आणि दुसरीवर तंबोरा टेकवलेला होता, म्हणून नणंद-भावजय पलंगाच्या कडेवर खेटून बसल्या. सुंदराबाईंनी वर फोन केला, "ठेवा," आणि लाल स्पीकरमधून आधी खरखर आली, मग ढोलकी, आणि मग रामदास मास्तरांचा आवाज.

दोघींना कल्पना नव्हती की तो आवाज ऐकून असं होईल. मास्तर रोज संध्याकाळी कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी पोरांना गोळा करायचे. त्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास यायचा. चुकलं तर मारत नसत, फक्त डोळे मिटून घेत, आणि तेच पोरांना जास्त लागायचं. मथुराबाईंनी सुंदराबाईंचा हात धरला. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. ढोलकी थांबली. झांजेचा एक ठोका पडला. आणि तो आवाज वर गेला.

'पुस्तकाचं झाड लाविलं आम्ही अंगणी...'

स्वच्छ. कोवळा. वर पोचण्याआधी त्याने एक छोटासा श्वास चोरून घेतला होता, तोसुद्धा ऐकू आला.

"माझा," मथुराबाई म्हणाल्या.

"माझा," सुंदराबाई म्हणाल्या.

तात्यारावांनी गाणं संपेपर्यंत बोट ओठांवर ठेवलं. मग ते म्हणाले, "ठीक." ते पुन्हा म्हणाले, "फारच ठीक. कोण हा मुलगा?"

"मुलगी, सर," सुंदराबाई म्हणाल्या. "आमच्या दोघींपैकी एक. कोण ते तुम्ही सांगायचं."

"बाई, चाळीस वर्षं मी पाचवी ते सातवी शिकवली. मिसरूड फुटायच्या आधीचा मुलाचा आवाज आणि मुलीचा आवाज यांत मी झोपेतही गल्लत करणार नाही. मुलीचा आवाज वर जाताना बारीक होतो. हा भरत गेलाय. असा आवाज वर्ष-सहा महिने टिकतो, मग फुटतो. बाकी कडव्यांत तुम्ही दोघी मागे आहात, ऐकू येता. तुम्हीपण ठीक आहात. पण ही ओळ मुलाची आहे. पार्टीत मुलगा कोण होता?"

मथुराबाईंनी सुंदराबाईंचा हात सोडला.

"मुलगा नव्हताच," मथुराबाई म्हणाल्या. "सीताराम होता फक्त."

वर आल्या तेव्हा दोघी दारातून आत शिरल्या त्या जोडीने. हॉलमध्ये दीक्षा मटारचं भांडं बाजूला ठेवून प्रज्ञेशचा घरीच राहिलेला मोबाइल हातात घेऊन उभी होती. प्रज्ञेश नुकताच सी विंगमध्ये अपमान करून घेऊन परतला होता.

"सापडलं," ती म्हणाली. "आपला स्पीकर सकाळपासून तुझ्याच फोनला जोडलेला आहे. तो मोकळाच नव्हता, म्हणून डबी शेजाऱ्यांकडे जात होती. मी तोडलं कनेक्शन. तुझी सही जुळत नव्हती."

प्रज्ञेशने एक मटार तोंडात टाकला.

"ते राहू दे," मथुराबाई म्हणाल्या. "सीताराम, इकडे ये. ते खालचे मास्तर म्हणतात, तो आवाज मुलाचा आहे."

सीतारामराव खिडकीतून बाहेर बघू लागले.

"काहीतरीच," सुंदराबाई म्हणाल्या. "वन्सं, मी काय म्हणते, तो माझा नसेल तर एक वेळ तुमचा असेल. पण यांचा? यांना आंघोळीलासुद्धा गाताना कुणी ऐकलं नाही."

"छे, तुझाच आहे तो सुंदरा. मी केव्हापासून म्हणणार होते. याचा शक्यच नाही."

इतक्या वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं ते एका मिनिटात झालं. दोघींनी ती ओळ एकमेकींना देऊन टाकली होती. प्रज्ञेशने मात्र बटण दाबून सुई ठेवली, आणि या वेळी गाणं खिडकीतल्या स्वतःच्या लाल स्पीकरमधून आलं, हॉलभर. तिसरं कडवं आलं. झांज वाजली. दीक्षाचं लक्ष सासऱ्यांकडे होतं. आवाज वर जायच्या अगदी आधी, तो चोरटा श्वास जिथे होता तिथेच, सीतारामरावांची छाती फुगली, खांदे उचलले गेले आणि ओठ हलले.

"पप्पा!" दीक्षा म्हणाली.

मग सुटका नव्हती. सीतारामराव सोफ्यावर बसले आणि आयुष्यात प्रथमच सगळे त्यांच्याकडे बघत आहेत असं त्यांच्या लक्षात आलं.

"मुंबईला रेकॉर्डिंगच्या खोलीत एक लाल दिवा होता," ते म्हणाले. "आठवतंय? तो लागला की मशीन चालू. तिसरं कडवं आलं. अक्का, तुला वाटलं ही घेईल. हिला वाटलं तू घेशील. दोघींनी तोंडं उघडलीत, पण आवाज फुटला नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला ते बघवेना. तालमीत तुम्ही दोघी ती ओळ आळीपाळीने म्हणायचात, रोज ऐकून पाठ होती. म्हणून घेतली."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" सुंदराबाईंनी विचारलं. राग होता की दुसरं काही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बोललो होतो. प्रज्ञेशच्या नामकरणाला. तेव्हा तुम्ही दोघी पहिल्यांदाच एक झालात आणि मला गप्प बसवलंत. मग विचार केला, वर्षभरात माझा आवाज फुटला, पुढे कारखान्याच्या धुराने उरलासुरला गेला. आता तो आपल्याकडे नाही. पण दोन बायका त्याच्यासाठी भांडतायत, माझा माझा म्हणतायत. असं सुख किती जणांच्या वाट्याला येतं? म्हटलं, भांडू देत."

रेकॉर्ड संपून सुई कडेला खरखरत होती. मथुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि भावाच्या पाठीवर एक धपाटा घातला, लहानपणी घालत असत तसाच. सुंदराबाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या की जणू आपण कुणाशी संसार केला ते आज कळत होतं. आपली ओळ गेली, पण गेली कुठे तर घरातच, हे मनाशी घोळवताना त्यांना हसूच आलं.

चहा झाला. खाली तात्यारावांनी ग्रुपवर 'पुन्हा लावा' एवढंच लिहिलं होतं. पृथ्वीराजनेही तेच लिहिलं होतं, पण मोठ्या अक्षरांत. सगळं फार गोडीगुलाबीने चाललं होतं आणि त्यामुळे दोघी बायकांना करमत नव्हतं. भांडायला काही उरलंच नाही, हे त्यांच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं होतं. मथुराबाईंनी बशी खाली ठेवली.

"काही म्हण सुंदरा, पण तो श्वास कुठे चोरायचा, हे सीतारामाला मीच शिकवलं होतं. नळावर पाणी भरताना."

सुंदराबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही? वन्सं, अहो, तुम्ही तर कायम ओळीच्या मधेच श्वास घ्यायचात. मास्तर डोळे मिटून घ्यायचे. आमच्या ओट्यावर बसून मी म्हणायची आणि हे भिंतीपलीकडून ऐकायचे. तिथून उचललंय त्यांनी."

"ऐकून शिकायला तुमचा ओटा काय रेडिओ होता?"

"आणि नळावर काय कमी गोंगाट असायचा?"

"पुरावा आहे का तुझ्याकडे?"

"तुमच्याकडे आहे?"

प्रज्ञेश आणि दीक्षा एकमेकांकडे बघत राहिले. दोघींच्या चेहऱ्यांवर तेज आलं होतं. मग एकदम दोघी सोफ्याकडे वळल्या.

"सीताराम, तूच सांग. कोणी शिकवलं?"

"हो, सांगाच आता. कोणी?"

सीतारामरावांनी एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं, पण या खेपेला आवाज काही फुटला नाही.